पान लाल का झाले, हे कोणी सांगायचे?



दावणीचा बैल चारा सोडून उभा राहिला तर आपण काय करतो? कान हाताला गार लागतो का ते पाहतो, नाकपुडी ओली आहे की कोरडी ते पाहतो, शेण पाहतो, रवंथ करतो की नाही त्यावर नजर ठेवतो. काल त्याला कुठे चारले, कोणते पाणी पाजले, हे आठवतो. मग डॉक्टरला बोलावणे जाते, आणि डॉक्टर आला की हे सगळे त्याला न चुकता सांगतो. हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवले नाही. बापाने आजाकडून घेतले, आपण बापाकडून घेतले.

पऱ्हाटीच्या बाबतीत हे शहाणपण कुठे जाते? पान लाल पडले, आकसले, त्यावर ठिपके आले की एक पान खुडायचे, खिशात टाकायचे, तालुक्याच्या कृषी केंद्रात जाऊन काउंटरवर ठेवायचे आणि विचारायचे, ‘याच्यावर काय देता?’ दुकानदार पान उलटेपालटे करतो आणि तीन बाटल्या पुढे सरकवतो. एक किडीची, एक बुरशीची, एक टॉनिकची. तिन्हीतली एखादी तरी लागू पडेल असा हिशेब. रोग कोणता ते त्याने सांगितले नाही, आपण विचारले नाही. उधारीच्या वहीत आकडा मात्र चढला.

दुकानदाराशी आमचे भांडण नाही. बरेच दुकानदार आपल्याच घरची शिकलेली पोरे आहेत, आणि दोन पैसे मिळवायला बसली आहेत. पण माणसाच्या दवाखान्यात चिठ्ठी डॉक्टर लिहितो आणि औषध दुसराच देतो, त्याला कारण आहे. ज्याची चूल बाटलीच्या विक्रीवर पेटते, त्याला ‘बाटलीची गरज नाही’ असे सांगणे जड जाते. हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ पासून निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. चांगले केले. पण ज्याच्या वावरात पीक उभे आहे, त्याला पान वाचायला शिकवण्याची अशी सोय गावोगाव झाली नाही. आमचे म्हणणे इतकेच की पानाच्या दुखण्याचे निदान काउंटरवर होत नाही, वावरात होते, आणि ते काम शेतकऱ्याने पुन्हा आपल्या हातात घेतले पाहिजे.

खुडलेले पान अर्धेच बोलते

शेतकी महाविद्यालयात आम्ही रोगांची नावे पाठ केली. वावरात उतरल्यावर कळले की नावाआधी पाच प्रश्न विचारावे लागतात, आणि खिशातल्या पानाला त्यातल्या निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.

पहिला प्रश्न, दुखणे जुन्या पानावर आहे की नव्या? नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाड जुन्या पानातून काढून नव्याला पुरवते. म्हणून त्यांची उणीव बुडाच्या पानावर आधी दिसते. लोह, गंधक यांना झाडाच्या अंगात असे सहज हलता येत नाही. त्यांची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानावर दिसते. चुनखडीच्या रानात शेंडा पिवळा आणि शिरा तेवढ्या हिरव्या असे पान दिसले, तर ते लोहाचे आहे. त्यावर कीटकनाशक मारून काय होणार?

दुसरा प्रश्न, वावरात दुखणे कुठे आहे? सखल जागी, जिथे पाणी थांबते तिथेच आहे का? शेजाऱ्याच्या धुऱ्याकडच्या चार तासांतच आहे का? की सगळ्या रानात सारखे? कीड ठिकठिकाणी, चट्ट्याचट्ट्याने सुरू होते. फवाऱ्याची इजा वाऱ्याच्या दिशेने आणि पंप फिरला त्या ओळींनी दिसते.

तिसरा प्रश्न, पानाच्या पाठीवर काय आहे? रस शोषणारी कीड पाठीमागे बसते. वरून पान पाहणे म्हणजे घराची भिंत पाहून आत कोण राहते ते सांगणे.

चौथा, रंग कडेवरून आत येतो आहे की शिरांच्या मधे भरतो आहे? आणि पाचवा, मागच्या पंधरा दिवसांत काय घडले? पाऊस किती दिवस उघडला, कधी झोडपून पडला, थंडी कधी आली, तुम्ही किंवा शेजाऱ्याने काय फवारले? ही हकीकत तुमच्याशिवाय जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

लाल पान एक, कारणे अनेक

आता आपल्या पट्ट्यातल्या सगळ्यांत मोठ्या भ्रमाकडे येऊ. पान लाल झाले की आपण सरसकट ‘लाल्या आला’ म्हणतो. लाल रंग हे नुसते लक्षण आहे. माणसाचे अंग तापले म्हणून सगळ्यांना एकच गोळी देत नाहीत.

तुडतुड्यांचे लालपण असे ओळखा. पानाची कड आधी पिवळी पडते, पान खालच्या बाजूला वळते, मग कडेवरून तांबूस होत आत येते आणि शेवटी करपते. पान हळूच उलटे करा. फिकट हिरवी, पाचरीसारखी बारीक पिल्ले तिरपी चालताना दिसतील. तिरपी चाल हीच त्यांची खूण. ती दिसली की मोजा. एकरात वेगवेगळ्या ठिकाणची २० झाडे घ्या, प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे असे एक एक पान पाहा. झाली ६० पाने. पानामागे सरासरी २ ते ३ तुडतुडे भरले, म्हणजे ६० पानांवर १२० ते १८० च्या घरात गेले, तर फवारणीचा विचार करायचा. त्याच्या खाली असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क मारून थांबायचे आणि चार दिवसांनी पुन्हा मोजायचे. ढालकिडे, क्रायसोपा, कोळी त्या पानांवर बिनपगारी राबत असतात. त्यांनाही थोडी सवड द्या.

लाल्याची गोष्ट निराळी. पानामागे कीड नसते, किंवा नावापुरती असते. बुडाच्या जुन्या पानांपासून सुरुवात होते. मॅग्नेशियम कमी पडले तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लालसर-जांभळा होतो. बोंडे भरण्याच्या दिवसांत झाड पानातले नत्र ओढून बोंडाला देते, त्यात हलक्या रानातली ओल संपते किंवा भारी रानात पाणी साचून मुळे गुदमरतात, आणि रात्रीचा पारा एकदम उतरतो. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की आठ-दहा दिवसांत रान लाल होते. जमिनीत मॅग्नेशियम असूनसुद्धा गुदमरलेली मुळे ते उचलू शकत नाहीत.

अशा झाडाला विष नको, अन्न हवे. मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, आणि वेगळ्या फवारणीत युरिया किंवा डीएपी २ टक्के, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम. डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत कालवू नका, साका बसतो. दरवर्षी त्याच रानात लाल्या येत असेल तर लागवडीच्या वेळीच एकरी ८ ते १० किलो मॅग्नेशियम सल्फेट जमिनीतून द्या आणि पाणी साचणाऱ्या जागी चर काढा. आणि हेही ओळखून असा की पूर्ण लाल झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. फवारणी वरच्या हिरव्या पानांना वाचवण्यासाठी असते. सगळे रान लाल होऊन पाने गळू लागल्यावर ‘हमखास हिरवे करणारे’ कोणी काही विकत असेल, तर त्याला दारातूनच राम राम करा.

ओळखण्यात चूक झाली तर दोन्हीकडून मार बसतो. लाल्याला तुडतुडे समजलात तर उपाशी झाडावर विष फवारले. तुडतुड्यांना लाल्या समजून युरिया ओतलात तर झाड लुसलुशीत झाले आणि तुडतुड्यांची पंगत उठेना. दोन्ही वेळा खर्च तुमचा आणि नफा दुसऱ्याचा.

आकसलेली पाने आणि शेजारचा पंप

लहान झाडाची पाने वरच्या बाजूला वाटीसारखी वळली आणि पाठीमागे चंदेरी चमक दिसली, तर ते फुलकिडे. पानामागे १० पर्यंत असतील तर घाबरण्याचे कारण नाही. पान चिकट लागले आणि त्यावर काळी काजळी धरली, तर मावा किंवा पांढरी माशी.

पण पाने अरुंद, लांबट, भेंडीच्या पानासारखी चिरलेली निघाली आणि शिरा एकमेकींना समांतर धावू लागल्या, तर कीडही नाही आणि रोगही नाही. तो टू-फोर-डी तणनाशकाचा चटका आहे. ज्वारीत, उसात हे तणनाशक चालते, कपाशीला मात्र त्याचा वाससुद्धा सोसत नाही. शेजारच्या रानातून वाऱ्याने येते, नाहीतर तोच पंप नुसता विसळून पऱ्हाटीत वापरला म्हणून येते. गावात मात्र ‘व्हायरस आला’ अशी हूल उठते आणि व्हायरसच्या नावाने बाटल्या खपतात. उपाय एकच, तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा, त्याला लाल फडके बांधा, आणि शेजाऱ्याशी आधी बोला. चटका हलका असेल तर नवी पाने नीट निघतात. युरियाच्या एका फवाऱ्याने झाडाला उभारी मिळते. थोडा धीर धरावा लागतो.

ठिपक्यांचेही तसेच. पानाच्या पाठीवर दही शिंपडल्यासारखे पांढरे कोनाकोनाचे डाग हा दहिया. ढगाळ, दमट, थंडावलेल्या दिवसांत येतो, आणि त्याला पाण्यात मिसळणारे गंधक चालते. शिरांनी अडवलेले, आधी पाणीदार आणि मग काळे पडणारे कोनाचे ठिपके हा जिवाणूंचा करपा. त्याला कीटकनाशकाची टाकी म्हणजे आंधळ्यापुढे आरसा.

ज्वारीचे पान

ज्वारी गरिबाचे पीक, म्हणून तिच्या पानाकडे कोणी पाहत नाही. तिची खोड अशी की पानाला कसलीही जखम झाली, कीड चावो की फांदी घासो, जखमेभोवती लाल-जांभळा रंग धरतो. म्हणून ज्वारीचा लाल ठिपका पाहून लगेच रोगाचे नाव घेऊ नका.

उगवल्यापासून पहिल्या महिन्यात पोंगा सुकला असेल तर तो ओढून पाहा. अलगद हातात आला आणि कुजल्याचा वास आला तर खोडमाशी. त्या झाडावर आता फवारून उपयोग नाही. पुढच्या वर्षी पावसाबरोबर वेळेवर पेरा, बियाणे थोडे जास्त टाका आणि पोंगेमर झालेली झाडे विरळणीत उपटा. पोंग्यातून उलगडलेल्या पानावर एका ओळीत छिद्रे असतील तर खोडकिडा. पाने ओरबाडल्यासारखी फाटलेली, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा, आणि अळीच्या शेपटाकडे चौकोनात चार ठिपके असतील तर ती अमेरिकन लष्करी अळी. ती आपल्या देशात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि मक्याबरोबर ज्वारीवरही आली. तीन दुखणी, तीन वेगळे इलाज, आणि ओळखायला लागतो फक्त हात आणि डोळा.

चुकलेल्या निदानाची किंमत

कोणी म्हणेल, एवढे मोजत बसलो तर पीक जाईल. ६० पाने उलटायला अर्धा-पाऊण तास लागतो. तालुक्याला जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो, तो आपण मोजत नाही.

दुसरा म्हणेल, एक फवारा जास्त झाला तर काय बिघडले? बिघडते. २०१५ च्या हंगामात पंजाबच्या कापूस पट्ट्यात पांढऱ्या माशीने उभी पिके बसवली. शेतकऱ्यांनी फवारे कमी मारले नव्हते, तरीही माशी आटोक्यात आली नाही. चुकीच्या वेळी मारलेल्या कडक विषाने आधी मित्रकीटक मरतात आणि माशीला मोकळे रान मिळते, हे कापसाच्या शास्त्राला जुने ठाऊक आहे. बीटी बियाण्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. ते बियाणे बोंडअळीसाठी होते, रस शोषणाऱ्या किडींसाठी नाही. त्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झामचा लेप दिलेला असतो, तो पहिला महिना-सव्वा महिना सांभाळतो. त्यानंतर तुडतुडे दिसताच त्याच गटातली बाटली पुन्हा पुन्हा मारली, तर किडीला त्या विषाची सवय होते, दुसरे काही साधत नाही.

आणि पैशाच्या पलीकडचीही किंमत आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, उन्हाचा तडाखा, तोंडावर फडके नाही, हातात जोराने फवारणारा पंप आणि टाकीत दोन-तीन विषांचे मिश्रण. त्या मिश्रणाचे मूळ कुठे आहे याचा विचार करा. रोग नक्की ठाऊक असलेला माणूस एकच औषध मागतो. ज्याला ठाऊक नाही, तो तीन कालवतो. आणि पंप पाठीवर बहुतेक वेळा मालकाच्या नसतो, रोजाने आलेल्या मजुराच्या असतो. आपण पान नीट न पाहिल्याची शिक्षा त्याच्या लेकराबाळांनी का भोगावी?

सरकारने काय करायचे, आपण काय करायचे

महाराष्ट्रात २००९ पासून पीक कीड-रोग सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प आहे. माणसे रानात जातात, कीड मोजतात, सल्ला निघतो. कल्पना उत्तम. पण तो सल्ला ज्याच्या वावरासाठी आहे, त्याच्या डोळ्यांसमोर त्याच आठवड्यात आला पाहिजे. मोबाईलवर आला आणि विरून गेला, याला पोचणे म्हणत नाहीत. तसेच जमीन आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यावर १२ बाबी तपासून लिहितात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आहेत, गंधक आहे, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन आहेत, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आहे. मॅग्नेशियम नाही! ज्या दुखण्याने कोरडवाहू पऱ्हाटी दरसाल लाल होते, त्याचाच रकाना नाही. कापूस पिकवणाऱ्यांना कोणी विचारले असते तर हे झाले नसते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवत आहोत.

१. कापूस पट्ट्यातील जमीन आरोग्य पत्रिकेत मॅग्नेशियमची तपासणी घालावी.

२. क्रॉपसॅपचा सल्ला हंगामात दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

३. हंगामात आठवड्यातून एक ठरलेला दिवस कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याने गावच्या शिवारात यावे, पीक पाहावे, आणि दुखण्याचे नाव व इलाज चिठ्ठीवर लिहून सहीनिशी द्यावा.

४. औषध विकणाऱ्याने पक्क्या पावतीवर ते कोणत्या किडीसाठी किंवा रोगासाठी दिले ते लिहावे.

५. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विषबाधेवरच्या उताऱ्याची औषधे आहेत की नाहीत याची तपासणी व्हावी.

हे सरकारकडे मागायचे. पण सरकारची वाट पाहत पऱ्हाटी थांबत नाही. प्रत्येक गावशाखेने या हंगामात दोन माणसे निवडावीत, आणि त्यात एक तरी बाई असावी. निंदण-वेचणी करणाऱ्या बाईचा हात झाडाच्या प्रत्येक पानाला लागतो, बदल तिला आधी दिसतो, आपण तिला विचारत नाही एवढेच. या दोघांकडे एक भिंग आणि एक वही द्या. दर आठवड्याला गावातली पाच वावरे, प्रत्येकात २० झाडे, ६० पाने. वहीत तारीख, पाऊस, मोजलेली कीड, केलेला इलाज आणि त्याचा खर्च. ओळखता आले नाही तर झाड मुळासकट उपटून, वहीची हकीकत बरोबर घेऊन कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोला, परभणीच्या विद्यापीठाचे जवळचे संशोधन केंद्र गाठावे. नुसते पान नेऊ नये.

आणि दुकानात जावे लागलेच, तर ‘काय देता?’ म्हणू नये. ‘तुडतुडे आहेत, पानामागे तीन भरले, एकच औषध द्या, पक्की पावती द्या’ असे म्हणावे. समोरचा माणूस कोणत्याही भावात काहीही गळ्यात मारू शकत नाही, हे त्याला त्याच वाक्यात कळते.

मालाचा भाव आपल्या हातात नाही, त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागते आणि आपण उतरतो. खर्चाचा एक भाग मात्र आपल्या हातात आहे. या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने मागच्या हंगामाच्या औषधांच्या पावत्या बरोबर आणाव्यात. कोणती बाटली कोणत्या दुखण्यासाठी घेतली, ते शेजारी लिहून आणावे. जिथे लिहिता येणार नाही तिथे जागा कोरी सोडावी. त्या कोऱ्या जागांसमोरच्या रकमांची बेरीज बैठकीत मोठ्याने वाचली जाईल.